मालवाहू पिकअपचे ब्रेक आणि शॉकअप बदलायचे आहेत : काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने?

रानवाट_जुन्नर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे महिंद्राची बोलेरो पिकअप आहे, 1.7 टन क्षमतेची. गाडी जुनी विकत घेतली आहे. हंगामात नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने मुरबाड, कल्याण आणि तिथून वाशीच्या बाजार समितीत असा माझा नेहमीचा मार्ग असतो. येताना गाडी बहुतेक वेळा रिकामी असते.

दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की पुढचे ब्रेक पॅड फार लवकर संपतात. घाट उतरून तळाशी येईपर्यंत जळका वास येऊ लागतो आणि पेडल मऊ पडते; थोडा वेळ गाडी उभी केली की ते पुन्हा ठीक होते. उलट मागचे ड्रम उघडून पाहिले, तर लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर) जवळजवळ नव्यासारखे निघाले. दुसरी तक्रार म्हणजे रिकामी गाडी मागून उड्या मारते आणि मागच्या टायरांची झीज सलग न होता तुकड्यातुकड्यांनी झाली आहे. आधीच्या मालकाने मागे दोन्ही बाजूंना जादा पाटे (भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकून घेतलेले आहेत, हेही सांगून ठेवतो.

दुकानदार ‘हेवी ड्युटी’ पॅड आणि गॅसचे शॉकअप घ्या म्हणतो. पॅड, लायनर, शॉकअप सगळे एकदमच बदलायची तयारी आहे, पण पैसे नेमके कशावर घालावेत हे कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यकडा

दुकानदार बरोबर सांगतो आहे. सिरॅमिक पॅड घ्या आणि चारही शॉकअप गॅसचे, त्यातल्या त्यात सर्वांत कडक मिळतील ते घ्या. मागे उड्या मारणे लगेच थांबेल.

भोसरी_वर्कशॉप

सह्यकडा यांच्याशी मी सहमत नाही, पण शॉकअपविषयी नंतर लिहितो. आधी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जी धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिली आहे आणि बहुधा सहज लिहिली आहे : मागचे लायनर नव्यासारखे आहेत. भरलेली मालगाडी नियमितपणे घाट उतरते आणि तिचे मागचे लायनर झिजत नाहीत, याचा अर्थ मागचे ब्रेक काम करत नाहीत किंवा फारच कमी करतात. त्यांच्या वाट्याचे काम पुढचे पॅड करत आहेत आणि म्हणून जळत आहेत. अशा गाडीला कितीही महागडे पॅड बसवले, तरी ते थोडे उशिरा जळतील, एवढाच फरक पडेल.

मागचे ब्रेक कमी लागण्याची कारणे अनेक असू शकतात. व्हील सिलेंडरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो, लायनर बसवलेले शू आपोआप ड्रमजवळ आणणारा अॅडजस्टर जाम झालेला असतो, मागच्या लाइनमध्ये हवा राहिलेली असते, किंवा लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होऊन त्याची पकड गेलेली असते. ही चारही कारणे ड्रम उघडल्यावर आणि हवा काढताना कळतात, त्यामुळे ती पाहून घ्याच. तुमच्या गाडीत मात्र माझा पहिला संशय पाचव्या कारणावर आहे आणि ते कारण ड्रममध्ये नसून जादा टाकलेल्या पाट्यांत आहे.

या वर्गातील बऱ्याच पिकअपना मागच्या अॅक्सलजवळ चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्यापासून निघालेला एक दांडा किंवा स्प्रिंग अॅक्सलला जोडलेली असते. गाडी रिकामी असते तेव्हा चासी आणि अॅक्सल यांच्यातले अंतर जास्त असते. त्या वेळी हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जाणारा दाब कमी करतो, कारण रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसते आणि पूर्ण दाब दिला तर ती चाके जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. माल भरला की पाटे दबतात, चासी खाली येते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब जाऊ देतो. थोडक्यात, या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, उंची कळते. पाटे वाढवले की तेवढाच माल भरूनही गाडी पूर्वीइतकी खाली बसत नाही. व्हॉल्व्हच्या दृष्टीने गाडी अर्धी रिकामीच राहते आणि दीड टन टोमॅटो पाठीवर असताना मागच्या ब्रेकना रिकाम्या गाडीपुरताच दाब मिळतो.

तेव्हा खरेदीला जाण्याआधी गाडीखाली वाकून पाहा. व्हॉल्व्ह आहे का, दांडा जोडलेला आहे का, तो मोकळा हलतो का, की गंजून एका जागी चिकटला आहे? काही ठिकाणी हा लिव्हर भरलेल्या गाडीच्या स्थितीत तारेने बांधून टाकतात, म्हणजे मागचे ब्रेक कायम पूर्ण लागतात. पावसात रिकामी गाडी घेऊन परतताना हा उपाय जिवावर बेतू शकतो, त्यामुळे कोणी तो सुचवला तर दुसरे गॅरेज शोधावे.

रानवाट_जुन्नर

आपण म्हणालात तसेच निघाले. व्हॉल्व्ह आहे, दांडाही जोडलेला आहे, पण त्याचा सांधा गंजलेला आहे आणि हाताने जेमतेम हलतो. काल माल भरण्याआधी आणि भरल्यानंतर चासी ते अॅक्सल अंतर मोजून पाहिले, तर गाडी फारच थोडी खाली बसते. माझ्या शेजाऱ्यांची याच क्षमतेची गाडी, मूळ पाट्यांची, तेवढ्याच मालाला माझ्या गाडीपेक्षा स्पष्टपणे जास्त दबते. आता पाटे काढावेत का? आणि पॅड तरी कोणते घ्यावेत, कारण ते संपलेलेच आहेत?

घाटकरी

पॅडविषयी मी लिहितो. मालाच्या गाड्या वर्षानुवर्षे घाटात चालवल्या आहेत आणि आता मुलगा चालवतो.

आधी घाटात ब्रेकवर नेमके काय येते याचा हिशेब मांडू. गाडी आणि माल मिळून सोयीसाठी 3000 किलो धरले आणि गाडी ताशी 60 किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर ब्रेकना सुमारे 4.17 लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. तीच गाडी वेग न वाढू देता 100 मीटर उंची उतरली, तर 29.4 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. हवेचा आणि चाकांचा विरोध त्यातला काही भाग खातो. पण बाकीचे काम केवळ ब्रेकवर सोडले, तर प्रत्येक 100 मीटर उतारासाठी ताशी 60 वरून जवळजवळ सात वेळा पूर्ण थांबल्याइतकी उष्णता, तीही मध्ये थंड होण्याची उसंत न देता, पॅड आणि डिस्कमध्ये साठत जाते. माळशेजचा उतार 100 मीटरांवर संपत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

‘हेवी ड्युटी’ हा शब्द डब्यावर कोणीही छापू शकतो, म्हणून पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेला संकेत वाचायला शिका. बऱ्याच पॅडवर निर्मात्याच्या क्रमांकाच्या शेवटी दोन रोमन अक्षरे असतात. पहिले अक्षर कमी तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. ‘एफ-ई’ असा संकेत असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणार, हे निर्मात्यानेच लिहून दिले आहे असे समजा. ‘एफ-एफ’ किंवा त्याहून वरचा घ्या. ही अक्षरे पॅड किती टिकेल किंवा डिस्क किती खाईल हे सांगत नाहीत, तेवढी त्यांची मर्यादा लक्षात ठेवावी. कोणताही संकेत नसलेला पॅड स्वस्त असला तरी मी घेत नाही.

सिरॅमिक पॅड आवाज करत नाहीत आणि काळी धूळ कमी उडवतात, म्हणून कारसाठी ते लोकांना आवडतात. भरलेल्या पिकअपसाठी माझी पसंती सेमी-मेटॅलिकला आहे, कारण ते तापलेल्या अवस्थेत पकड बरी टिकवतात. त्यांच्यात धातूचे प्रमाण जास्त असल्यामुळे उष्णता त्यांच्यातून पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडेही लवकर जाते, आणि इथेच लोकांचे दुर्लक्ष होते. घाटाच्या तळाशी तुमचे पेडल मऊ पडते आणि थंड झाल्यावर ठीक होते, हे वर्णन ऑइल उकळण्याचे आहे. नुसता पॅड तापून पकड गेली असती, तर पेडल कडक राहिले असते आणि दाबूनही गाडी थांबली नसती. पेडल मऊ लागते याचा अर्थ लाइनमध्ये वाफ झाली आहे, आणि वाफ दाबली जाते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्याची प्रत ‘डॉट’ क्रमांकाने डब्यावर लिहिलेली असते. डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. पूर्ण ऑइल काढून डॉट 4 भरा आणि फार तर दोन वर्षांनी बदला. तुमची गाडी पावसाळ्यात कोकणाच्या बाजूला उतरते, तेव्हा त्याआधी बदलले तर अधिकच चांगले. डॉट 5 हे नाव पाहून ते आणखी चांगले असेल असे समजू नका. ते सिलिकॉनचे असते आणि या ऑइलमध्ये मिसळत नाही. या सगळ्याचा खर्च एका पॅड जोडीपेक्षा कमी आहे.

मालवाहू_नाशिक

वर चर्चा चांगली चालली आहे, पण पाटे काढा म्हणणे सोपे आहे. मी द्राक्ष आणि कांदा वाहतो. मूळ पाट्यांवर भरलेली गाडी खड्ड्यात बंपस्टॉपवर (चासी जास्त खाली येऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळते, पाटा तुटतो आणि माल रस्त्यात अडकतो. व्यापारी क्रेट मोजून भाडे देतो, किलो मोजून नाही. आधीच्या मालकाने पाटे हौसेने टाकले नसतील.

भोसरी_वर्कशॉप

तुमची अडचण खरी आहे आणि मी ती रोज पाहतो. पण पाटे वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही, फक्त गाडी वाकलेली दिसत नाही. ब्रेक, हब बेअरिंग, टायर आणि अॅक्सल तेवढेच राहतात. नोंदणीतले एकूण वजनही बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे, आणि वजनकाट्यावर पाटे मोजत नाहीत.

माल मर्यादेत असूनही गाडी आदळत असेल, तर मूळ पाटे थकलेले असतात. वर्षानुवर्षे वाकून पाट्यांची कमान सपाट होते. अशा वेळी जादा पाटा घालण्याऐवजी मूळ मापाचा पूर्ण संच नवा घ्यावा, किंवा चांगल्या कारागिराकडून पाटे उतरवून, तापवून कमान पुन्हा काढून घ्यावी. नवा संच मी अधिक पसंत करतो, कारण तापवल्यानंतर पाण्या-तेलात विझवण्याचे काम नीट झाले नाही तर पाटा एक तर मऊ राहतो किंवा तुटतो. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि बुश त्याच वेळी नवे घालावेत, आणि काही दिवस माल वाहून झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

मालच खरोखर क्षमतेच्या वर असेल, तर मोठी गाडी हाच उपाय आहे. तो कोणाला आवडत नाही, मलाही सांगायला आवडत नाही.

डेन्व्हरनिवासी

मी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतो. माझ्याकडे फोर्ड एफ-250 आहे आणि मागे घोड्यांचा ट्रेलर असतो. इथे ‘हेवी ड्युटी पिकअप’ म्हटले की असली गाडी डोळ्यांसमोर येते. चारही चाकांना डिस्क, आणि ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक. गाडी वेगळी असली तरी डोंगर सारखेच त्रास देतात. 3,400 मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडले की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग तीव्र उतार आहे, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत.

त्या उतारावर माझा पाय ब्रेकवर फार कमी असतो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाला वेग धरू द्यायचा, वेग वाढलाच तर एकदा ठाम ब्रेक दाबून तो दहा-पंधरा किलोमीटरने कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका पाय सतत ठेवून उतरल्यास पॅडना थंड व्हायला वेळच मिळत नाही. घाटकरींच्या हिशेबातली उष्णता इंजिनाकडे वळवणे सर्वांत स्वस्त पडते.

आणखी एक माहिती, कारण आयात केलेले पॅड तिकडेही विकले जातात. इकडच्या पॅडच्या पाकिटावर पानांचे चिन्ह आणि ‘ए’, ‘बी’ किंवा ‘एन’ असे अक्षर असते. त्याचा संबंध पॅडमधील तांब्याच्या प्रमाणाशी आहे. ‘एन’ म्हणजे तांबे 0.5 टक्क्यापेक्षा कमी. पाण्यातल्या जीवांना तांब्याची धूळ घातक असते म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी कायदे केले, त्यातून ते आले. पकडीची प्रत दाखवणारे ते चिन्ह नव्हे.

घाटकरी

डेन्व्हरच्या भाऊंनी सांगितलेले शंभर टक्के खरे. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणारे अजूनही भेटतात. त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करणारे. आपल्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारी निर्वात पोकळी इंजिनावर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद केले की बूस्टरमध्ये उरलेल्या साठ्यावर दोन-तीन वेळा पेडल नीट लागते, त्यानंतर उभे राहून दाबले तरी गाडी ऐकत नाही.

रानवाट_जुन्नर

सर्वांचे मनापासून आभार. पाट्यांचा मूळ मापाचा संच घेण्याचे ठरवले आहे. आता शॉकअपचे सांगावे. आणि मागचे लायनर झिजलेले नाहीत, तर ते तसेच ठेवावेत का?

भोसरी_वर्कशॉप

शॉकअपविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज हा की ते भार उचलतात. भार पाटे उचलतात. दबलेला पाटा उलटून वर येतो तेव्हा त्याची उसळी जिरवणे हे शॉकअपचे काम आहे. गाडी मागे बसते म्हणून शॉकअप बदलणाऱ्याचे पैसे वाया जातात. तुमची रिकामी गाडी उड्या मारते त्याचे पहिले कारण जादा पाट्यांचा कडकपणा आहे, आणि दुसरे, टायरच्या तुटक झिजेवरून पाहता, संपलेले शॉकअप. टायर रस्त्यावरून क्षणोक्षणी उचलला जातो आणि आपटतो, तेव्हा तशी झीज होते. उचललेल्या टायरला ब्रेक लावून गाडी थांबत नाही, त्यामुळे शॉकअप हा ब्रेकचाच भाग समजावा.

कोपरा दाबून गाडी किती हिंदकळते हे पाहण्याची पद्धत पिकअपला चालत नाही, कारण पाट्यांचे आपसातले घर्षणच हिंदकळणे थांबवते. खराब रस्त्यावर बराच वेळ चालवून आल्यावर चारही शॉकअपना सावधपणे हात लावून पाहा. काम करणारा शॉकअप गरम झालेला असतो. एखादा इतरांच्या मानाने थंड असेल तर तो मेलेला आहे. खालचा बोल्ट काढून हाताने ओढून-दाबून पाहिले, तर पूर्ण अंतरात एकसारखा विरोध जाणवायला हवा, मध्ये कुठेही मोकळी जागा लागता कामा नये. दांड्याच्या सीलपासून ऑइलचा ओघळ असेल, तर पुढे तपासण्याची गरज नाही.

आता गॅस की साधे. साध्या शॉकअपमध्ये ऑइल आणि हवा एकाच नळीत वरखाली होतात. खडबडीत रस्त्यावर सलग चालल्यास ऑइलचा फेस होतो आणि विरोध कमी पडतो. कमी दाबाचा नायट्रोजन भरलेल्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हा फेस बराच रोखला जातो. तुमच्यासाठी मूळ गाडीच्या मोजमापाचा, कमी दाबाच्या गॅसचा शॉकअप मी सुचवीन. एकेरी नळीचे, जास्त दाबाचे शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतात, पण महाग असतात, आणि त्या एकाच नळीला दगडाचा पोचा आला की आतला पिस्टन अडकतो. कच्च्या रस्त्यावरच्या मालगाडीला ते परवडत नाहीत. सह्यकडा म्हणतात तसे सर्वांत कडक शॉकअप घेतले, तर भरल्यावर कदाचित बरे वाटेल. परंतु तुमची गाडी अर्धा रस्ता रिकामी चालते आणि तेव्हा मागची चाके आणखी उडतील. गॅब्रिएलसारख्या मूळ पुरवठादारांचे योग्य मॉडेलचे शॉकअप सहज मिळतात, फक्त डब्यावरचा क्रमांक गाडीच्या मॉडेलशी ताडून घ्या.

लायनरबद्दल : जाडी शिल्लक असली तरी ते चकचकीत झाले असतील किंवा हब सीलमधून ग्रीस लागलेले असेल, तर बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. ड्रमवर त्याचा कमाल व्यास आणि डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. लेथवर फिरवून ड्रम त्या व्यासाच्या वर जाणार असेल तर नवा घ्यावा. मोठ्या झालेल्या ड्रममध्ये नवा लायनर फक्त मधोमध टेकतो. ड्रम तापला की तो फुगून लायनरपासून दूर जातो, त्यामुळे शू सैल लावलेले असतील तर घाटात पेडल आणखी खाली जाईल. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

सह्यकडा

माझी गाडी रिकामी कधीच चालत नाही, त्यामुळे मला कडक शॉकअप चालले. धागाकर्त्यांसाठी भोसरीकरांचे म्हणणे पटले.

रानवाट_जुन्नर

शेवटची शंका. पाटे मिळायला थोडे दिवस लागणार आहेत. तोपर्यंत शॉकअप घालून घेतले तर चालेल का? आणि व्हॉल्व्हचा दांडा आताच्या उंचीनुसार जुळवून घ्यावा का?

भोसरी_वर्कशॉप

दोन्ही करू नका. जादा पाट्यांमुळे गाडी आत्ता उंच उभी आहे. मूळ लांबीचा शॉकअप या उंचीवर बसवला तर खड्ड्यात चाक खाली जाताना तो पूर्ण ताणला जाऊन आतून तुटेल, आणि याच उंचीला पुरेल असा लांब घेतला तर पाटे बदलल्यावर तो पूर्ण दबून आपटेल. पाटे आधी, मग शॉकअप. शॉकअपच्या बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त अडकवा, आणि चारही चाके जमिनीवर आल्यावर आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून फाटते.

दांड्याचेही तसेच. सांधा आज सोडवून, साफ करून ग्रीस लावून घ्या. जाम असेल तर व्हॉल्व्ह नवा घ्या. दांड्याची लांबी मात्र नवे पाटे बसून गाडी काही फेऱ्या चालल्यावर, कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीत मोजून जुळवायची. दांडा वाकवून अंदाजाने नाही. मागच्या लाइनची हवा काढताना व्हॉल्व्ह भरलेल्या स्थितीत धरावा लागतो, हे मेकॅनिकला आठवण करून द्या, आणि काम संपल्यावर तो सोडला आहे ना, ते स्वतः पाहून घ्या.

तोपर्यंत पॅड आणि ऑइल लगेच बदलून घ्या, कारण ते थांबू शकत नाहीत. पाटे येईपर्यंत माल कमी भरा. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करत दहा-बारा वेळा चालवा, मध्ये थोडे अंतर ठेवा आणि तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी करू नका. त्यानंतरच भरलेली गाडी घाटात न्या.